पेवात ठेवलेलं लोखंड

बायपासच्या ढाब्यावर मी जिथं भाकरी थापते, तिथून रस्ता दिसत नाही, पण ऐकू येतो. ढाब्याच्या तोंडाशी गतिरोधक आहे. त्याच्यावरून गाडी उतरली की चाकांच्या वरून आवाज येतो. काही गाड्या नुसत्या दबतात आणि वर येतात, झोपलेल्या माणसाची छाती वर-खाली व्हावी तशा. काहींचं ‘खट्’ असं होतं. तो सांध्यातला रबरी बुश गेलेला. एकदा दबून गाडी उगाच डुलत राहिली तर धक्के झेलणारा शॉकअप संपलेला. स्टेअरिंग वळवताना कुरकुरली तर वरच्या माउंटिंगमध्ये माती शिरलेली. हे कुणाला सांगायचं नसतं. ड्रायव्हर हात धुऊन बाजेवर बसतो, पिठलं मागतो, मी तव्यावरची भाकरी उलटते.

परवा हस्त लागला. आमच्या कोकणात या दिवसांत पाऊस म्हातारा झालेला असतो. ओट्यावर बसून कुणी अधूनमधून खोकावं, तसा पडतो आणि थांबतो. इथं तो याच दिवसांत भरात येतो. दुपारपर्यंत ऊन कातडी सोलतं, मग चौसाळ्याच्या बाजूनं आभाळ काळं होत येतं, आणि पत्र्यावर असा आवाज सुरू होतो की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. सगळे खूश होतात. हरभऱ्याला ओल झाली, बोअरला पाणी आलं. मी मात्र चुलीपुढं बसल्या बसल्या भाकरी उलटायची विसरते. ढाब्याचे मालक म्हणतात, “कुठं गेलतीस गं? भाकर करपायली.” मी कुठं गेलेली नसते. एका अंगणात असते, एका फरशीपाशी.

मी सातवी शिकलेली. आमच्या वाडीतून हायस्कूलला जायचं तर खाडी ओलांडावी लागायची आणि पावसाळ्यात होडी बंद असायची. मुलगे कुणाच्या मामाकडे, कुणाच्या आत्याकडे राहायला गेले. मुलींच्या बाबतीत तो प्रश्न कुणी काढलाच नाही. मला वाईट वाटलं होतं का, ते आता आठवत नाही. पुढं आंब्याच्या पेट्या न्यायला येणाऱ्या पिकअपच्या ड्रायव्हरशी लग्न लागलं आणि मी इथं आले, जिथं नजर पोचेल तिथपर्यंत एकही माड नाही. नवरा भाडं घेऊन फिरणारा. घरी येतो तो पाहुण्यासारखा, झोपतो, आणि जातो. वाईट माणूस नाही. पण खोलीत मी आणि भीती अशा दोघीच राहायचो. मला सगळ्याचीच भीती वाटते. गॅस बंद केला का, दाराची कडी नीट बसली का, फोन लागत नाही म्हणजे गाडी कुठं उलटली तर नाही. घरातून निघाले की अर्ध्या वाटेवरून परत येऊन कुलूप ओढून बघते.

शेजारच्या अक्कांनी मला त्या खोलीतून बाहेर काढलं. पहिल्याच आठवड्यात दारात येऊन उभ्या राहिल्या. “तांदळाच्या मुलखातली हाईस म्हणं. भाकर येती का?” मी नाही म्हणून मान हलवली. “मग जेवतीस काय?” आणि माझं मनगट धरून मला त्यांच्या चुलीपाशी नेऊन बसवलं. माझी पहिली भाकरी तव्यावर पडताना फाटली तेव्हा त्या एवढ्या हसल्या की पदरानं डोळे पुसले. “नकाशा काढलाय पोरीनं. बीड कुठं, तुझं कोकण कुठं, दाव बरं!” लग्नानंतर मला हसताना कुणी पाहिलं असेल तर ते अक्कांनीच.

त्यांचे यजमान म्हणजे आप्पा. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात पांढरा हाफ शर्ट, आणि फाट्यावर गाड्यांच्या सस्पेन्शनच्या सामानाचं दुकान. दुकान लहान, पण पाठीमागचं गोडाऊन खोल. आप्पांना तिथं माणूस हवं होतं आणि पुरुष माणसांवर त्यांचा विश्वास नव्हता. “मिस्त्री लोकं फेकतेत गं माय,” ते म्हणाले, “बाई ठेवती. मला ठेवणारं माणूस पायजे.” शेजारच्या गॅरेजचे रशीदभाई तिथंच चहा पीत होते. ते म्हणाले, “आप्पा, आमच्या तोंडावर आमची बेइज्जती करायलेत तुमी.” आप्पा म्हणाले, “मग काय तुझ्या पाठीवर करू? तुझ्या पाठीला तर ग्रीस हाय.”

असं मला काम मिळालं. सातवीची बाई, परक्या मुलखातली, आणि मला वर पंखा असलेल्या जागी काम मिळालं. मी घरी येऊन देवासमोर बसले आणि काय मागायचं ते सुचेना, कारण सगळं मिळालेलं होतं.

ठेवणं म्हणजे काय ते मी आप्पांकडून शिकले. शॉकअप उभाच ठेवायचा, दांडी वर करून. आडवा ठेवला तर आतल्या तेलात हवा शिरते, आणि गाडीला लावल्यावर पहिल्याच खड्ड्यात तो दगा देतो. कुणी आडवा टाकलेला सापडला, तर उभा करून हातानं हलके दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा, लहान मुलाच्या पाठीवर थोपटून ढेकर काढतात तसं. गॅसचा असेल तर त्याची बांधलेली पट्टी गाडीला लावेपर्यंत कापायची नाही. स्प्रिंग कधी ओढत न्यायची नाही. तिच्या रंगावर एक ओरखडा गेला की गंज तिथूनच आत शिरतो आणि पुढं कधीतरी ती तिथंच तुटते. बॉल जॉइंटची रबरी टोपी दाबून बघायची नाही, कितीही वाटलं तरी. बुश, धूळ अडवणारे बूट, जे जे म्हणून रबर, त्याला ऊन नको, तेलाचा हात नको, जवळपास वेल्डिंग नको. खोकी जमिनीवर टेकवायची नाहीत, फळीवर. भिंतीलाही चिकटवायची नाहीत, मधून हात फिरला पाहिजे. जुना माल पुढं, नवा मागं.

मला हे सगळं ओळखीचं वाटलं. आमच्याकडे पावसाळ्याआधी घर असंच लावतात. आगोट म्हणतात त्याला. सुकी मासळी, सोलं, मिठाचं मडकं, लाकूडफाटा, प्रत्येक वस्तूला भिंतीपासून आणि भुईपासून वर उचलायचं, कारण ओल दोन्हीकडून येते. मी गोडाऊनमध्ये खोक्यांवरून फडकं फिरवायची तेव्हा मला वाटायचं, आईच्या माळ्यावरच आहे.

एकदा मी आप्पांना विचारलं होतं, एवढं सांभाळलं तर हे किती वर्षं नवं राहील? आप्पांनी एक बुश हातात घेतला, अंगठ्याचं नख त्यात रुतवलं, सोडलं. रबर हळूच वर आलं. “गाडी चालो न चालो, रबर म्हातारं होतंच,” ते म्हणाले. “आपण त्याला सावलीत म्हातारं होऊ द्यायचं. एवढंच आपल्या हातात.”

त्या वेळी मला ते बोलणं फार आवडलं होतं. आता ते आवडत नाही. कधीच रस्त्यावर न गेलेल्या, कुणाचं ओझं न पाहिलेल्या वस्तूही आतल्या आत संपत असतात, आणि वरून खोक्यावर मात्र नवं असंच छापलेलं असतं. माझं वय वाढतं, तेव्हा मला माझी सातवी आठवते. मी तिथंच ठेवलेली आहे, आणि तिथं ठेवल्या ठेवल्या मी चाळिशीकडे चालले आहे.

ज्या पावसाळ्याबद्दल मी लिहायला बसले, तो रस्ता रुंद झाला त्या वर्षीचा. चैत्र संपता संपता आमच्या रांगेतली दुकानं पडली. आमचं तर पुढचं शटर आणि मागचं गोडाऊन दोन्ही त्यात गेलं. आप्पा भांडले नाहीत. रस्ता झाला तर गाड्या वाढतील, म्हणाले. पुढं नवे गाळे बांधायला घेतले होते, त्यातला एक त्यांनी धरून ठेवला. दिवाळीला मिळणार होता. अडचण एकच होती. दुकान पडायच्या थोडं आधीच आप्पांनी गोडाऊन नव्या मालानं काठोकाठ भरलं होतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची माणसं निघतात, त्यांच्या आधी मुकादमांच्या जीपा, पिकअप सगळ्या गॅरेजला लागतात. तो हंगाम म्हणजे आप्पांचं वर्ष. त्यांच्यापाशी जे काही होतं ते त्या खोक्यांत होतं. हा माल दिवाळीपर्यंत नवा राहिला तर दुकान पुन्हा उघडणार होतं. नाही राहिला तर नाही. आप्पांचं वय पाहता पुन्हा पहिल्यापासून भरणं होणार नव्हतं, हे ते स्वतःच बोलून दाखवत. आणि त्या दुकानाशिवाय या मुलखात मला दुसरं काहीच नव्हतं.

माल आप्पांच्या घराच्या अंगणात आणला. घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं अंगण, अंगणाच्या कडेला पत्र्याचं शेड. मी शेडात फळ्या मांडल्या, शॉकअप उभे केले, स्प्रिंगा गोणपाटावर ठेवल्या. वैशाखातला पत्रा काय असतो ते मला माहीत नव्हतं. दुपारी आत गेलं की डोळ्यांतलं पाणी आटल्यासारखं व्हायचं. खोक्यांचा डिंक सुटला आणि त्यांची तोंडं आपोआप उघडली. मी पत्र्यावर गोणपाट टाकून पाणी मारायची, पण पाणी तरी कुठून आणायचं, गल्लीत टँकर यायचा. मृग कोरडा गेला. आर्द्राही कोरड्या. एका दुपारी मी एक बुश उचलला तर तो प्लॅस्टिकला चिकटलेला होता. आप्पांनी तो घेतला, नख रुतवलं. खूण तशीच राहिली. ते शेडाच्या दारात उकिडवे बसले आणि बराच वेळ नखाच्या त्या खुणेकडे बघत राहिले.

तेव्हा अक्का म्हणाल्या, “पेवात ठेवा की.”

अंगणात एक जुनं पेव होतं. कोकणातल्या माणसाला सांगायचं तर जमिनीत खोदलेली भली मोठी घागर. तोंड एक माणूस उतरेल एवढं, आत पोट रुंद. पांढऱ्या घट्ट मातीत खणायचं, आत कडबा लावायचा, ज्वारी ओतायची, वर फरशी आणि फरशीवर मातीशेणाचं लिंपण. अक्कांच्या सासूबाई असेपर्यंत त्यात ज्वारी राहायची. नंतर शेत वाटलं गेलं, ज्वारी कमी झाली, आणि पेव रिकामं पडलं. अक्का त्याच्यावर वाळवणं घालायच्या.

आप्पा हसले. “अगं, शॉकअप हाय त्यो. शाळू न्हाई.”

“शाळू परीस नाजूक हाय का?” अक्का म्हणाल्या. “सासूबाई दाणा काढायच्या तवा थंडगार लागायचा हाताला. भर उन्हाळ्यात. ऊन न्हाई, वारा न्हाई, उजेड न्हाई. तुमीच सांगता ना रोज ह्या पोरीला, रबराला ऊन नको, उजेड नको? मग?”

आप्पांनी पेवाकडे पाहिलं. खरंच, त्यांनी मला शिकवलेला एक एक नियम त्या पेवात पाळला जात होता. रशीदभाई आले होते, तेही डोकं खाजवत म्हणाले, “बात तो सही हाय.”

मी म्हणाले, “पण ओल? पाऊस आला तर खालून ओल नाही का येणार?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मग सगळेच हसले. आप्पा म्हणाले, “अगं माय, इथं माणसाला प्यायला टँकर येतोय. पेवात पाणी कुठून यायचं?” रशीदभाई म्हणाले, “वहिनी, तुमच्या कोकणातून पाइप टाकून आणतील.” अक्का म्हणाल्या, “हिचं असंच हाय. काल कुत्रं भुंकलं तर म्हणली भूकंप हुईल.” मीही हसले. ते खरंच होतं, मी तसं म्हणाले होते. जे माणूस रोज दहा गोष्टींना घाबरतं त्याच्या अकराव्या भीतीला कोण विचारणार? मी स्वतःच विचारलं नाही. माझ्या मनानं मला सांगितलं, ही तुझी नेहमीची आहे, जा, काम कर.

पेव उघडलं त्या दिवशी अक्का वेगळ्याच दिसत होत्या. किती वर्षांनी घरातल्या पुरुषांनी त्यांचं काही ऐकलं होतं. फरशी सरकवल्यावर त्यांनी कुणाला जवळ येऊ दिलं नाही. “वाफ असती आत. माणूस खाली बसला की उठत न्हाई.” दुसऱ्या दिवशी दोरीला कंदील बांधून त्यांनी स्वतः खाली सोडला. ज्योत हलली, मग स्थिर झाली. “आता उतरा.” रशीदभाई उतरले. आत नवा कडबा लावला. फळ्या गेल्या. मग मी वरून एक एक खोकं देत गेले, शॉकअप उभेच, स्प्रिंगा फडक्यात, रबराचं सामान प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. खालून रशीदभाईंचा आवाज घुमायचा, “वहिनी, इथं एसी हाय! मी वर येत न्हाई आता!” शेवटी फरशी बसली. अक्कांनी माती आणि शेण कालवून स्वतःच्या हातानं कडा लिंपल्या, करंजीचे काठ दाबावेत तशा बोटांनी दाबल्या. आप्पांनी वर विभूतीची तीन बोटं ओढली.

मग सगळा श्रावण तसाच गेला. नुसतं आभाळ यायचं आणि जायचं. लोक रडकुंडीला आले होते, पण आमच्या अंगणात सुख होतं. संध्याकाळी आम्ही त्या फरशीवर बसायचो, ती पायाला गार लागायची. आप्पा तिच्यावर तळवा ठेवून म्हणायचे, “झोपलाय माल.” लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आम्ही मनातल्या मनात म्हणत होतो, अजून थोडे दिवस असंच राहू दे. देवानं तेवढंच ऐकलं असेल का, असं मला पुढं कितीदा वाटलं.

उत्तरा नक्षत्रात सुरुवात झाली आणि हस्तात तो थांबेचना. असा पाऊस इथं कुणी पाहिला नव्हता. भेगाळलेली जमीन पहिल्यांदा गटागट पीत होती, तो आवाज मला अजून येतो. मग तिनं प्यायचं सोडलं. नवा रस्ता उंच झाला होता. पूर्वी जे पाणी वाहून पलीकडं जायचं ते आता आमच्या गल्लीत तुंबलं. अंगणात घोट्याएवढं पाणी, आणि त्या पाण्याखाली कुठंतरी ती फरशी. रशीदभाईंनी भोवती मातीचा बांध घातला, वर प्लॅस्टिक अंथरलं. उघडून बघायचं म्हणजे पाण्याला आत बोलावण्यासारखं. उघडीप मिळेपर्यंत थांबायचं, एवढंच करता येत होतं. त्या दिवसांत आप्पा खिडकीपाशी बसून असायचे. अक्का चुलीपाशी.  मी खोक्यांवरून फडकं फिरवायच्या वेळेला उगाचच उठायची आणि परत बसायची.

उघडीप मिळाली तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं. फरशी सरकवली. जो वास वर आला तो मी जन्मापासून ओळखत होते. आमच्या घरात आषाढात मागच्या खोलीचं दार उघडलं की तोच यायचा. मी एक पाऊल मागं सरले. कंदील खाली सोडला, ज्योत विझली. पुन्हा वाट पाहिली. पुन्हा सोडला, तेव्हा ज्योत राहिली आणि तिच्याखाली दुसरी ज्योत दिसली. खाली पाणी होतं.

रशीदभाई उतरले. खाली पाणी डचमळल्याचा आवाज आला. मग ते नुसतं म्हणाले, “आप्पा.” त्यांनी वर जे दिलं ते आधी खोकं होतं, हातात येताच चहात बुडवलेल्या पावासारखं तुटलं. आतली स्प्रिंग तांबडी झाली होती. शॉकअपच्या आरशासारख्या दांड्यांवर देवी आल्यासारखे ठिपके. रबराच्या पिशव्या मी घट्ट बांधल्या होत्या, त्या आतून घामेजलेल्या. रबर मऊ होतं, अगदी नवं होतं, पण बुशच्या पोटात लोखंडाची नळी असते, ती गंजून रबरातून तांबडं पाणी गळत होतं. मी एक एक वस्तू उन्हात मांडत गेले. सवयीनं शॉकअप उभेच ठेवले.

रशीदभाई वर आले, चिखलानं भरलेले. म्हणाले, “आप्पा, पॉलिश पेपर मारू. डिझेलनं पुसू, रंग देऊ. एवढा माल हाय, निम्मा तरी निघंल.” त्यांचं मन चांगलं होतं. आप्पांनी एक शॉकअप घेतला, दांडीवरून अंगठ्याचं नख खालून वर नेलं. मध्येच थांबले. “नख अडकतंय,” ते म्हणाले. ठिपक्याचा खळगा जिथं नखाला लागतो तिथं तो तेलाचं सील कापतो, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. त्यांनी दुसरा घेतला. तिसरा. “हेच्यातबी अडकतंय.” मग रशीदभाईंनी त्यांच्या हातातून काढून घेतला. “बस झालं, आप्पा.”

पेवात दाणा कसा टिकतो ते मला पुढं कुणीतरी सांगितलं. ओल तर दाण्यालाही लागतेच. पण जो दाणा मातीला चिकटून असतो तो कुजतो, त्याचा कडक थर होतो, आणि तो थर आतल्या सगळ्या दाण्यांना वाचवतो. दर वर्षी कडेचा तेवढा दाणा जायचा, आणि सासूबाई तो गुरांपुढं टाकायच्या. अक्कांनी आतला गार दाणा पाहिला होता, कडेचा पाहिला नव्हता. लोखंडात कुणी कुणासाठी कुजत नाही. सगळं एकदम कुजतं.

आम्ही निष्काळजीपणा केला असता तर बरं झालं असतं. शेडात पडून निम्मं रबर गेलं असतं, निम्मा माल राहिला असता. आम्ही जेवढं जपता येतं तेवढं जपलं, आणि त्यानंच ते गेलं. या गोष्टीतून मी काय घ्यायचं, ते मला अजून कळलेलं नाही. जपू नये, असं तर म्हणता येत नाही. पण कुणी काही जीव लावून ठेवताना दिसलं, मुलीसाठी कुणी पैंजण डब्यात ठेवताना, कुणी बियाणं बांधताना, की मी तिथून उठून जाते.

आप्पांनी गाळा सोडला. तिथं आता मोबाइलची कव्हरं विकतात. रशीदभाई आष्टीला गेले, तिथं त्यांच्या मेव्हण्याचं गॅरेज आहे. आप्पा आता घराच्या पायरीवर बसलेले असतात. रस्त्यानं गाडी डुलत गेली तर मान वळवतात, पण कुणाला हाक मारत नाहीत. नवीन मालाची गाडी घेऊन एक पोरगा चुकून जुन्या पत्त्यावर आला होता, त्याला त्यांनी पाणी दिलं, आणि खोकी आडवी का टाकलीस एवढंही म्हणाले नाहीत. ते त्यांनी म्हणायला हवं होतं. ते ऐकलं असतं तर मला त्या दिवशी झोप लागली असती.

भंगारवाला टेम्पो घेऊन आला तो दिवस मला सगळ्यात जास्त आठवतो. त्यानं स्प्रिंगा वरून फेकल्या. एकमेकींवर आदळताना त्यांचा आवाज झाला आणि आप्पा घरात निघून गेले, बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले. टेम्पो गेला. अंगणात पेवाचं तोंड उघडं होतं, मी त्यावर फरशी ओढायला लागले, ती एकटीनं हलेना, मग तशीच सोडली.

आत आले. अक्का चुलीपाशी बसल्या होत्या. माल पेवातून वर काढला तेव्हापासून त्यांनी अन्नाला हात लावला नव्हता, नुसत्या चहावर होत्या. आप्पांनी त्यांना बोल लावला नव्हता, कुणीच लावला नव्हता, एका शब्दानंही नाही. आणि त्यामुळंच त्या दिवसेंदिवस लहान होत चालल्या होत्या. मी ताट घेतलं तसं त्यांनी माझं मनगट धरलं, पहिल्या आठवड्यात धरलं होतं तसं नाही, बुडणाऱ्या माणसासारखं.

“पोरी, खरं सांग. तू म्हणलीवतीस ना? ओल येईल म्हणून. त्या दिवशी. आमी हसलो तुला.”

“न्हाई अक्का,” मी म्हणाले. “मी कुठं काय म्हणाले?”

“मला आठवतंय की.”

“मी पावसाचं विचारलं होतं. आमच्याकडं पाऊस लागला असेल का, असं. घरची आठवण आली होती मला.”

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. माझं खोटं पातळ होतं, आरपार दिसत होतं. मला वाटलं, आता त्या हात सोडतील आणि परत कधी जेवणार नाहीत. तेव्हा बाजेवरून, भिंतीकडे तोंड ठेवूनच, आप्पा म्हणाले, “ती काय म्हणणार? ती तर सावलीला भिती. तिला ओलीतलं काय कळतंय? कुणाला कळलं न्हाई. मलाबी न्हाई. तुलाच कावून कळावं?”

आप्पांना आठवत होतं. ‘पेवात पाणी कुठून यायचं’ हे उत्तर मला त्यांनीच दिलं होतं. आयुष्यात मी एकदाच काहीतरी वेळेवर आणि बरोबर बोलले होते, आणि आता ते त्या घरात कुणीच बोललेलं नव्हतं. मी खाली बघत ताट वाढलं. वरण ओतलं, भाकरी ठेवली, कांदा फोडला. अक्कांनी माझं मनगट सोडलं. भाकरीचा तुकडा मोडला, बराच वेळ हातात धरून ठेवला, मग खाल्ला.